लव्हाळ्यातली शीळ

१

विल्फ अटिंग सापडला तो पालथा. तोंड चिखलात, गुडघ्यापासून खालचे पाय पाण्यात, आणि दोन्ही हात डोक्याच्या दोन बाजूंना नीट दुमडलेले. रविवारी सकाळी नऊला ही बातमी ऑल्डरबी गावात आली आणि दहाच्या प्रार्थनेपर्यंत गावाने निकालही देऊन टाकला. विल्फला कंदीलवाल्याने नेला.

इंग्लंडातल्या नॉरफोकच्या त्या दलदलीत संध्याकाळच्या धुक्यात कधीकधी एक दिवा हलताना दिसतो. तो ज्याच्या हातात असतो तो कंदीलवाला. त्याला शीळ खपत नाही. दिवस बुडाल्यावर दलदलीत कुणी शीळ घातली, की तो त्या दिशेने धावत येतो. आलाच, तर उपाय एकच. पालथं पडायचं, तोंड चिखलात खुपसायचं, आणि तो डोक्यावरून निघून जाईपर्यंत श्वास रोखून धरायचा. ऑल्डरबीची पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकतात, आणि मोठी झाली की हसण्यावारी नेतात. पण अंधार पडल्यावर बांधावर शीळ घालायला सांगा, त्यातला एकही घालणार नाही.

हेस्टरबाई लार्टर यांनी या गावच्या शाळेत तेहेतीस वर्षं काढली होती. आता त्या घरी बसून जिल्ह्याची वन्यजीव नोंदवही सांभाळत. कुणाला वेगळा पक्षी दिसला, वेगळं जनावर दिसलं, की त्याने बाईंना लिहायचं. बाई उलटतपासणी घेणार आणि वहीत मंजूर किंवा नामंजूर असा शेरा मारणार. दहातली नऊ पत्रं नामंजूर व्हायची. जिल्हाभरचे हौशी लोक त्यांना पाठीमागे नामंजूरबाई म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, थोडा अभिमानच वाटे.

दुपारी सार्जंट हाऊज दारात आला. अडतीस वर्षांचा बाप्या, बाईंचा जुना विद्यार्थी, पण बाईंच्या पायपुसण्यावर अजून दोनदा बूट पुसायचा.

"बाई, आत येऊ?"

"आलायस ना. बस."

त्याने खिशातून एक ओलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. अक्षर बाईंचंच होतं.

"विल्फच्या कोटात सापडलं. वाचलं मी. माफ करा."

बाईंना वाचायची गरज नव्हती. ऑगस्टमध्ये त्यांनीच लिहिलं होतं. 'प्रिय विल्फ, नुसतं डोळ्यांनी पाहिलं एवढ्यावर पाणमांजराची नोंद घेता येत नाही. या नदीत अकरा वर्षांत एकही दिसलेलं नाही. पावलाचा ठसा प्लास्टरमध्ये घेऊन ये, मग बोलू. तोवर नामंजूर.' विल्फ लहानपणी त्यांच्याच वर्गात शिकला होता. सहा वर्षांचे असल्यापासून एका बाकावर विल्फ, एडगर नड आणि हेस्टर. उभ्या आयुष्यात तो त्यांच्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता, आणि तरी त्यांनी त्याला पुरावा मागितला होता.

"प्लास्टर सापडलं?" त्यांनी विचारलं.

"अर्धी पिशवी. आणि ज्यात कालवलं तो डबा, आत वाळलेले पोपडे. ठसा कुठेच नाही. म्हणजे प्लास्टर वापरलं, पण जे बनवलं ते गायब." हाऊजने आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणतात घशात खोलवर चिखल आहे. म्हणजे पालथा पडला तेव्हा श्वास चालू होता. आणि कवटीला मार आहे, पण मागच्या बाजूला."

"पुढे पडलेल्या माणसाच्या डोक्याला मागून मार?"

"म्हणून तर म्हणतो बाई, गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मागून कुणीतरी हाणलंय. आणि बुधवारी पाणी-निचरा मंडळाची बैठक आहे. पाणमांजर सिद्ध झालं तर दलदल राखीव होणार. नाही झालं तर मोठा पंप, नवा बंधारा, आणि पुढच्या वर्षी तिथे गहू. त्या गव्हावर कुणाचा डोळा आहे ते तुम्हाला माहीत आहे. काल सुगीच्या जेवणाला सगळं गाव चॅपेलमध्ये होतं. एकटा रॉडनी गेझ नव्हता. आणि सकाळी प्रेत सापडलं कुणाला? त्यालाच."

"पण विल्फ जेवणाच्या वेळीच मेला कशावरून? दुपारी मेला नसेल?"

"नाही ना. सात वाजता जिवंत होता. डॉर्कस बननं ऐकलं त्याला." हाऊज थांबला. पुढचं बोलायला तो पोलिसाचा गणवेश घालूनही कचरत होता. "बाई, तो दलदलीत शीळ घालत होता."

बाईंच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. विल्फ अटिंग आपल्या कुत्र्यालासुद्धा टाळी वाजवून बोलवायचा.

२

डॉर्कस बन बांधाच्या टोकाला नावाड्याच्या जुन्या घरात राहायची. सोमवारी बाई गेल्या तेव्हा ती वाम सोलत बसली होती आणि सुरी हातातून न ठेवता बोलत होती.

"अगं हेस्टर, मी सांगते ना. ॲपल पायचं ताट घेऊन निघाले, उशीर झालेला. सातचे ठोके पडले तेव्हा मी बांधाच्या मध्यावर. धुकं हे असं, कमरेपर्यंत. आणि खालून, लव्हाळ्यातून, शीळ. माझ्या हातातलं ताट पडायचं."

"विल्फच होता कशावरून?"

"मग काय पाद्री होता? सगळं गाव चॅपेलात. दलदलीत दुसरं जातं कोण? मी हाक मारली, विल्फ, वेडा झालास का, तोंड बंद ठेव. तर पुन्हा शीळ. म्हातारपणी चळला बिचारा."

"कशी होती? करून दाखव."

डॉर्कसची सुरी थांबली. "या घरात? दिवसासुद्धा नाही करायची मी."

"मग सांग. गाण्याची चाल होती?"

"चाल कसली. एकच सूर. बारीक, आखूड. मग गप्प. मग पुन्हा तसाच." ती आठवू लागली आणि तिचा चेहरा उतरला. "पहिली वेळ पंपघराकडून आली. दुसरी पार खाली, वळणाकडून. मधे मी दहा पावलंही चालले नसेन. हेस्टर, विल्फचा खुबा गेलेला होता. काठी टेकत चालायचा. एवढ्यात तिकडे पोचला कसा तो?"

 नामंजूर करायच्या पत्रावरून नजर फिरवावी तशी बाई डॉर्कसच्या चेहऱ्यावरून फिरवत होत्या, आणि या वेळी त्यांना खोट सापडत नव्हती. डॉर्कसने ऐकलं ते खरंच ऐकलं होतं.

"चॅपेलात गेल्यावर सांगितलंस कुणाला?"

"सगळ्यांना. पाद्री हसला. एडगर तेवढा नाही हसला. बाकं मांडायला तोच तर आला होता सगळ्यांच्या आधी, साडेपाचपासून तिथे. मी शीळ म्हणाले आणि त्याच्या हातातला काटा खाली पडला. पांढराफटक झाला. गरीब बिचारा, सख्ख्या भावासारखे दोघं. म्हणाला, 'डॉर्कस, नक्की ऐकलंस? आत्ता?' चारदा विचारलं असेल."

"आणि मग?"

"मग काय. पुडिंग दोनदा घेतलं त्यानं. माणूस घाबरला की खातो."

३

रॉडनी गेझचं शेत दलदलीला लागून. तो गोठ्यात होता, आणि हेस्टरबाईंना बघून त्याने टोपी काढली नाही.

"या, मिस लार्टर. तुम्हीच राहिला होतात. सार्जंट दोनदा येऊन गेला, पाद्री एकदा. शनिवारी रात्री माझ्या गाईचं वासरू आडवं आलं होतं. साक्षीदार हवा असेल तर ती तिथे उभी आहे, विचारा."

"विचारलं असतं, पण ती माझ्या शाळेत नव्हती."

गेझ हसला, आणि हसल्यावर त्याला रडायला येईल की काय असं बाईंना वाटलं.

"विल्फ मला आवडत नव्हता," तो म्हणाला. "मी त्यालाही आवडत नव्हतो. मला गहू हवाय, लपवत नाही. पण पाणमांजराची अडचण असती तर मी पाणमांजराला गोळी घातली असती. माणसाला कशाला मारू? त्याच्या जागी तुम्ही दुसरा ठेवाल. तुमच्याकडे असले म्हातारे संपतच नाहीत."

"ठसा घ्यायला तो त्याच जागी का गेला असेल? तुम्ही जमीन ओळखता."

"तेच मला कळत नाही. मी सकाळी त्याला पाहिला ना. बांधावर सगळं गवत, गुडघाभर. तिथे हत्ती चालला तरी ठसा उठायचा नाही. चिखलाची एक पट्टी, ती विल्फच्या खालची. त्याच्यापुढे थेट पाणी." त्याने वासराच्या पाठीवर गवताचा बोळा फिरवला. "काय ते प्लास्टर, कुठे ओतलं देवाला माहीत."

"पाणी किती होतं?"

"पंप बंद असताना असतं तेवढं. एडगर रोज तीनला चालू करतो, पाचला बंद. तासाभरात पाणी पुन्हा वर. त्याच्यावर घड्याळ लावा, नव्या पंपाचा त्याला माझ्यापेक्षा जास्त ध्यास. मला गहू हवा. त्याला पाण्याचा एक थेंब जमिनीवर नको."

हे सांगायची गरज नव्हती. त्रेपन्न सालच्या जानेवारीत समुद्र बांध फोडून आत आला, त्या रात्री एडगर नडची बायको आणि चार वर्षांची पेगी वाहून गेली. बायको दोन दिवसांनी सापडली. पेगी सापडलीच नाही. तेव्हापासून एडगर पंपघरात राहायचा.

बाई निघाल्या तेव्हा फाटकाशी हाऊजची गाडी उभी होती.

"बाई, उद्या रात्रीपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "मग मला गेझला घेऊन जावं लागेल. दुसरं कुणी उरत नाही."

४

मंगळवारी दुपारी बाई रबरी बूट घालून बांधावर गेल्या. धुकं सकाळपासून हललं नव्हतं. लव्हाळी मधूनच सळसळायची आणि वारा तर अजिबात नव्हता. विल्फ जिथे पडला होता तिथे सार्जंटने एक खुंटी ठोकली होती. गेझचं म्हणणं खरं होतं. वर गवत, मग दोन हातांची चिखलाची पट्टी, आणि खाली काळं पाणी. ठसा घ्यायला जागाच नव्हती.

खुंटीपासून वीस पावलांवर पंपघर होतं. मधे झाड नाही, झुडूप नाही. एडगर नड दारात उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता.

"हेस्टर, थंडीत मरशील. आत ये."

"तुझा चहा मी पंचावन्न वर्षं टाळत आलेय. आज कशाला मोडू?"

"मग घरी जा. इथे काही नाही."

"शनिवारी विल्फ दिसला होता तुला?"

"दिवसभर नाही. पोलिसांनाही सांगितलं मी."

तीन वाजले. एडगर आत गेला, डिझेलचं धूड खोकलं आणि पंप सुरू झाला. लोखंडी जाळीवर शेवाळ आणि पाणगवत येऊन थडकू लागलं. लांब दांड्याचं दाताळं घेऊन एडगर जाळीपाशी उभा राहिला आणि गवत ओढून बाहेर फेकू लागला.

"थांबता येत नाही का रे जरा?"

"पाच मिनिटं हललो तर जाळी तुंबते. चोवीस वर्षं हेच करतोय."

तो बोलताना पाण्याकडे बघत होता, जाळीकडे बघत होता. खुंटीच्या बाजूला मात्र त्याने पाठ ठेवली होती, आणि ती ठेवायला त्याला दाताळं उलट्या हाताने चालवावं लागत होतं.

बाई खुंटीपाशी जाऊन बसल्या. पाणी उतरत होतं. आधी बोटभर, मग वीतभर. पाऊण तासाने काळ्या पाण्याखालून गाळाची एक रुंद पायरी वर आली. गुळगुळीत, ओली, लोण्यासारखी. असली पायरी इथे आहे हे पंप चालू असताना इथे बसल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. विल्फला ठाऊक होतं.

पायरीवर मधोमध एक पांढरं कडं होतं. बशीएवढं. ठसा घेताना प्लास्टर वाहून जाऊ नये म्हणून पुठ्ठ्याचं कडं लावतात, त्याच्या बाहेर सांडलेला भाग तिथेच घट्ट होऊन राहिला होता.

बाई हलल्या नाहीत. तेहेतीस वर्षं फळ्यावर त्यांनी पोरांना एकाखाली एक पायऱ्या मांडायला शिकवलं होतं. त्याच पायऱ्या आता आपोआप मांडल्या जात होत्या आणि त्यांना त्या पुसून टाकाव्याशा वाटत होत्या. विल्फने इथे प्लास्टर ओतलं. ही जागा पंप चालू असतानाच उघडी पडते. पंप पाचला बंद होतो. आणि पंप चालू असतो तेव्हा एडगर जाळीपासून पाच मिनिटंही हलत नाही.

त्या उठल्या, एडगरला हात केला, आणि रस्त्यावरच्या टेलिफोनकडे चालू लागल्या.

"आलेच," त्या म्हणाल्या. "पंप बंद केलास की थोडं बसू. विल्फसाठी."

५

साडेपाच वाजून गेले होते. पंप थांबल्यावर दलदलीत जी शांतता पडली ती कानांवर बसत होती. एडगर बाईंच्या शेजारी बांधावर बसला, पण टाचा जमिनीत रोवून, उठायच्या तयारीत.

"अंधार पडायच्या आत जाऊ या, हेस्टर."

"जाऊ. आधी एक सांग. विल्फने प्लास्टर घेतलं, वापरलं. कुठे ओतलं असेल?"

"मला काय माहीत."

"त्या पायरीवर कडं आहे. तू रोज पाठ करून उभा राहिलास म्हणून तुला दिसलं नाही. एडगर, ती पायरी कधी उघडी पडते ते मला सांगायला लावू नकोस."

एडगरने पायरीकडे पाहिलं. पाणी परत वर येत होतं आणि कड्याचा पांढरेपणा मावळत होता.

"सातला तो जिवंत होता," तो शेवटी म्हणाला. "डॉर्कसनं शीळ ऐकली त्याची. मी तेव्हा चॅपेलात होतो. दोनशे माणसं साक्षीला आहेत."

"विल्फची शीळ तू कधी ऐकलीस?"

एडगरने मान वळवली.

"बासष्ट वर्षांत एकदा तरी? कुत्र्यासाठी टाळी, बकऱ्यांसाठी डबा. आपण तिघांनी शीळ न घालण्याची शपथ घेतली होती त्या बाकावर. त्याने पाळली, तू पाळलीस, मीसुद्धा पाळली. गावाला कंदीलवाला हवा होता म्हणून गावाने हे विचारलंच नाही. डॉर्कसनं शीळ ऐकली. पण ती विल्फची नव्हती."

"मग कुणाची?" एडगरने विचारलं. "तीन रात्री मी हाच विचार करतोय. मग कुणाची होती ती?"

आणि तेव्हाच, समोरच्या धुक्यातून, शीळ आली.

एकच सूर. बारीक, आखूड. मग गप्प. बाईंच्या मानेवर काटा आला, आणि काय आहे ते त्यांना कळत होतं तरी आला. पाण्यावरून काहीतरी सरकलं. शीळ पुन्हा आली, या वेळी जवळून.

शेजारी धप्प आवाज झाला. एडगर नड पालथा पडला होता. तोंड चिखलात, हात डोक्याच्या दोन बाजूंना नीट दुमडलेले. तो श्वास घेत नव्हता.

"एडगर."

तो हलेना. बाईंनी त्याच्या खांद्याला धरून जोर लावला. पंपघराच्या आडून सार्जंट हाऊज धावत आला. दोघांनी मिळून त्याला उताणा केला तेव्हा तो खोकला, थुंकला, आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"तो मला न्यायला आलाय," तो म्हणाला. "विल्फ. मी त्याला नीट ठेवला होता, हेस्टर. नीट पालथा ठेवला होता."

"पाणमांजर आहे ते," बाई म्हणाल्या. "पाणमांजर शीळ घालतं. ऐक. ऐक ना नीट."

६

मग त्याने सगळं सांगितलं. कुणी विचारलंही नाही.

विल्फ साडेतीनला आला, खुशीत. ठसा सुकेपर्यंत जाळीपाशी गप्पा मारत बसला, आणि मग तो काढून एडगरला दाखवायला घेऊन आला. बुधवारी मंडळापुढे ठेवतो म्हणाला. एडगर म्हणाला, ठेवू नकोस. नवा बंधारा झाला नाही तर पुन्हा कधीतरी समुद्र आत येईल, पुन्हा कुणाची तरी पोर जाईल. विल्फ म्हणाला, दलदल आहे म्हणूनच तर पाणी मुरायला जागा आहे, बाबा. हे दोघं गेली चोवीस वर्षं एकमेकांना हेच सांगत आले होते. त्या दिवशी एडगरने ठसा ओढला, विल्फने सोडला नाही, आणि एडगरने ढकललं.

"एकदाच. जाळीच्या लोखंडी चाकावर डोकं आपटलं. उताणा पडला. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर काही नाही. मी नाकाशी हात धरला. माझाच हात एवढा थरथरत होता की काही कळलं नाही. मेला म्हणून मी बसून राहिलो. पाच वाजले. पंप बंद केला. धुकं यायला लागलं होतं, आणि तिकडे लांब कसलातरी उजेड हलत होता. आणि हा असा उताणा, तोंड उघडं टाकून." त्याने बाहीने तोंड पुसलं. "त्याला तसा टाकून कसा जाऊ? मी त्याला बांधावर ओढत नेला आणि पालथा केला. हात नीट ठेवले. निदान कंदीलवाल्याला तोंड दिसू नये म्हणून. मग चॅपेलात गेलो. आणि डॉर्कस येऊन म्हणते, शीळ. मला वाटलं उठला. देवाची शपथ, मला आनंद झाला आधी. जेवण झाल्यावर धावत आलो तर तो तसाच."

हाऊजने बाईंकडे पाहिलं. त्याला डॉक्टरांचं म्हणणं पाठ होतं, बाईंनाही. घशात खोलवर चिखल. पालथा पडला तेव्हा श्वास चालू होता. चाकावर आपटून विल्फ नुसता बेशुद्ध झाला होता. त्याला मारलं ते त्या ढकलण्याने नाही. ज्या एका गोष्टीत एडगरने त्याच्यावर माया केली, तिने मारलं.

एडगर उठून पंपघरात गेला आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. बाईंनी उलगडलं. पांढऱ्या प्लास्टरवर पाच गोल बोटं, स्वच्छ, आणि त्यांच्यामध्ये पडद्याची पुसट रेघ. यापेक्षा चांगला ठसा त्यांनी कुठल्या संग्रहालयातही पाहिला नव्हता.

"फोडून टाकायला घेतला होता," एडगर म्हणाला. "हातोडा घेतला. पण पाच बोटं, हेस्टर. एवढीशी. पेगीनं ओल्या सिमेंटवर हात ठेवला होता, आठवतं? आमच्या घराच्या पायरीपाशी. नाही जमलं मला."

हाऊजने त्याच्या दंडाला धरलं, हळूच, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं. दोन पावलं जाऊन एडगर थांबला.

"हेस्टर, तुला सगळं कळतं. खरं सांग. पडला तेव्हाच गेला ना तो? त्याला काही कळलं नसेल ना?"

हाऊज काहीतरी बोलणार होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. वर्गात ज्या नजरेने त्या मागच्या बाकाला गप्प करत तीच नजर, आणि सार्जंटचं तोंड मिटलं. चौकशी होईल, डॉक्टर उभे राहतील, कोर्टात कळायचं ते याला कळेलच. पण ते आज रात्री नाही, आणि बाईंच्या तोंडून नाही.

"पडला तेव्हाच," त्या म्हणाल्या. "काही कळलं नाही त्याला."

पुराव्याच्या विरुद्ध काही मान्य करण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती.

घरी येऊन त्यांनी दिवा लावला आणि नोंदवही उघडली. आवाजावरून नोंद घ्यायची तर वहीच्या नियमाप्रमाणे दोन साक्षीदार लागतात. त्यांनी लिहिलं, डॉर्कस बन, शनिवारी. सार्जंट हाऊज, मंगळवारी. अकरा वर्षांत ज्याचा मागमूस नव्हता तो पुरावा डॉर्कसच्या तोंडून शनिवारपासून गावभर फिरत होता, काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्याला सगळ्यांनी भूत ठरवलं होतं. सकाळी दहाला ही वही आणि तो ठसा मंडळाच्या टेबलावर जाणार होता. गेझला गहू मिळणार नव्हता, पण तुरुंगही मिळणार नव्हता.

बाईंनी पेन पुन्हा शाईत बुडवलं. प्राणी, पाणमांजर. जागा, ऑल्डरबीचा बांध, पंपघराजवळ. ठसा घेणारा, विल्फ्रेड अटिंग. शेरा, मंजूर.

तारखेच्या रकान्यापाशी त्या थांबल्या. मग त्यांनी ऑक्टोबरची तारीख घातली नाही. नऊ ऑगस्ट घातली, विल्फने पहिल्यांदा येऊन सांगितलं होतं तो दिवस.